जुना वस्तरा : आधी चकाकी की आधी धार?

या अंकात फक्त वस्तऱ्यांची पत्रे घेतली आहेत. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे: जुना वस्तरा हाती आला आहे, तर त्याला नव्यासारखा करून घ्यावा की सरळ वापरायला काढावा? पहिले उत्तर मुद्दाम लांब दिले आहे. पुढची बरीचशी त्यालाच धरून आहेत.

प्रश्न : आजोबांच्या सामानात वस्तरा सापडला. पाते १६ मिमी रुंद आहे, दोन्ही बाजूंवर काळपट डाग, पाठीजवळ (धारेसमोरच्या जाड कडेजवळ) थोडा तांबडा गंज. मूठ काळी, धड आहे. मला त्याने दाढी करायची आहे. आधी मूठ काढून, घासून नवा करून घेऊ की थेट धार लावू?

उत्तर : डाग बघून ठरवू नका. धारेलगतची साधारण ३ मिमीची पट्टी बघून ठरवा. दाढी करते ती एवढीच पट्टी, आणि पुढची कित्येक वर्षे दगडावर झिजणार आहे तीही हीच. बाकीचे पाते कितीही कळकट असले तरी केस कापताना आड येत नाही.

सोनार वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. दिव्याखाली पाते तिरके धरून टोकापासून टाचेपर्यंत (धारेच्या मुठीकडच्या शेवटापर्यंत) पट्टी तपासा. सपाट काळा डाग असेल तर तो गंजाचा जुना, बसलेला थर असतो, त्याने बिघडत नाही. टाचणीच्या टोकाएवढे खोल, कडा असलेले ठिपके दिसले तर ते खड्डे आहेत. खड्डा पाठीजवळ असेल तर तो फक्त दिसायला वाईट. तोच धारेत आला तर तिथे धार बसत नाही: दगडावर तयार होते आणि दोन दाढ्यांत तुटते, कारण खड्ड्याच्या कडेचे पोलाद आतून पोखरलेले असते.

नंतर चिरा शोधा. हे काम टाळून धार लावायला बसू नये. केसासारखी चीर बहुधा धारेतून वर चढलेली असते, नाहीतर टाचेपाशी, पाते जिथे जाड होते तिथे. पात्याला पातळ तेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि पुन्हा भिंगातून बघा. चिरेत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येऊन बारीक रेघ उमटवते. चीर सापडली तर प्रश्न मिटला. तो वस्तरा आठवण म्हणून ठेवा, तोंडाला लावू नका. घासून चीर जात नाही, आणि पात्याचा तुकडा उडेल तो नेमका गालावरच.

तिसरी तपासणी मोजपट्टीची. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो. पात्याची रुंदी भागिले पाठीची जाडी हा हिशेब करा. तुमचे पाते १६ मिमी आहे. पाठ ४.५ मिमी निघाली तर भागाकार साधारण ३.५ येतो आणि कोन १६ अंशांच्या आसपास बसतो. उत्तम. भागाकार ३.२ ते ३.८ असला तर काळजी नाही, कोन साधारण १८ ते १५ अंशांत राहतो. भागाकार ४ च्या वर गेला तर कुणीतरी वर्षानुवर्षे दाबून धार लावून पाठच झिजवली आहे असे समजा. पाठीवर दोन्ही बाजूंना रुंद, चकचकीत, सपाट पट्टे दिसतील. अशा पात्याची धार फार पातळ होते आणि कडा सुटतात. उलट ३ च्या खाली गेला तर पातेच झिजून अरुंद झाले आहे, ते गालावर बोथटच वाटणार.

या तिन्ही तपासण्यांत वस्तरा पास झाला तर मूठ काढण्याची गरज नाही. साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा, तांबडा गंज तेवढा काढा आणि धार लावून तीन-चार दाढ्या करा. तो तुमच्या हाताला बसतो का, धार टिकते का, हे कळल्याशिवाय पात्यावर वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) फिरवू नका. घासलेले पोलाद परत येत नाही. काळा डाग मात्र उद्याही काढता येईल.

प्रश्न : तांबडा गंज नेमका कसा काढायचा? व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावे का?

उत्तर : नको. व्हिनेगर गंजाबरोबर चांगले पोलादही खाते. सकाळी पाते राखाडी, मंद झालेले मिळते, आणि धारेची पट्टी मुळातच पातळ असल्याने तिचे सगळ्यात जास्त नुकसान होते. लिंबाचेही तेच. बाजारात मिळणारी गंज काढणारी द्रावणे त्या मानाने सौम्य असतात, पण तीही पाते काळपट करतात, आणि खड्डा खड्डाच राहतो.

सोपी पद्धत अशी. आधी धार मुद्दाम मारून टाका: काचेच्या बाटलीच्या गुळगुळीत कडेवरून पाते, स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर न देता, एकदा-दोनदा ओढा. वाचून अंगावर काटा येईल, पण धार तर नवी लावायचीच आहे, आणि सफाईत बोटे कापतात ती अर्धवट धारेनेच. मग गंजावर शिलाई मशिनचे तेल लावून बारा तास ठेवा. सैल झालेला गंज पितळेच्या चपट्या तुकड्याने किंवा कठीण लाकडाच्या काडीने खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही. उरलेल्यासाठी अगदी बारीक स्टील वूल, ज्याच्या पाकिटावर चार शून्ये असतात ती, तेलात बुडवून वापरा. भांडी घासायची जाड तारेची घासणी नको.

शेवटी मेटल पॉलिश, सुती फडक्याच्या जाड घडीवर. हात नेहमी पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर जाईल असा फिरवा. उलट कधीही नाही. पाते टेबलाच्या कडेला लाकडी फळीवर आडवे टेकवून धरा. हवेत धरून पात्याच्या आत खोलगट घासलेल्या बाजूंवर अंगठा दाबला तर पातळ पाते वाकते आणि तडकूही शकते. तांबडा रंग फडक्यावर यायचा थांबला की तुम्हीही थांबा. फडके काळे येतच राहील, कारण पॉलिश पोलादच घासते आहे.

एक गोष्ट हमखास चुकते. पॉलिश रिबिटाच्या (पाते मुठीत धरणाऱ्या खिळ्याच्या) फटीत जाऊन बसते, ओल धरते आणि सहा महिन्यांनी तिथूनच नवा गंज निघतो. सफाईच्या आधी फटीत तेलाचा एक थेंब सोडा आणि नंतर ती दातांमधल्या फटी साफ करायच्या दोऱ्याने ओढून काढा.

प्रश्न : खड्डे बरेच आहेत, पण मला आरशासारखे पाते हवे आहे. वॉटर पेपरने किती वेळ लागेल?

उत्तर : वेळेपेक्षा जाडीचा प्रश्न मोठा आहे. खड्डा नाहीसा करायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. पूर्ण पोकळ घासलेले पाते धारेच्या जरा वर जेमतेम काही दशांश मिलिमीटर जाड असते. दोन्ही बाजूंनी एकेक दशांश काढला तर उरते काय? पाते डगडगते, दाढी करताना लवते आणि धार अधूनमधून कातडीत शिरते.

जुनी पाचरीच्या आकाराची जाड पाती मात्र हे सोसतात. तसे असेल तर मूठ काढा आणि ४००, ६००, ८००, १०००, २००० अशा क्रमाने (आकडा मोठा तितका कण बारीक, दगडांचेही तेच) वॉटर पेपर ओला करून वापरा. कागद बुचाच्या तुकड्यावर गुंडाळला तर बोटांचे खळगे पात्यावर उमटत नाहीत. आधीच्या कागदाचा एकूण एक ओरखडा गेल्याशिवाय पुढचा हातात घेऊ नये. हे सांगितलेले सगळ्यांना पटते आणि करत कुणीच नाही, म्हणून २००० नंतर ४०० चे ओरखडे चमकून उठतात. दगडाला टेकणाऱ्या पाठीच्या सपाट पट्ट्यांवर कागद लावू नका. त्या गोलावल्या की कोन गेला.

आमचे मत विचारत असाल तर खड्डे असू द्या. फक्त ते धारेपासून दूर आहेत आणि कोरडे आहेत एवढे बघा.

प्रश्न : पात्यावर सोनेरी अक्षरे आहेत, पुसट झाली आहेत. उजळतील का?

उत्तर : उजळणार नाहीत, जातील. तो सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो आणि कोणतेही मेटल पॉलिश तो दोन मिनिटांत उतरवते. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश, एवढेच. आम्लाने कोरलेली नक्षीही फार उथळ असते, तिथेही पॉलिश नको.

प्रश्न : बेंच ग्राइंडरला बफ (पॉलिशचे कापडी चाक) लावून एका दिवसात पाते चमकवता येईल?

उत्तर : येईल, आणि त्याच दिवशी पात्याचे पाणीही उतरेल. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी दिल्यावर (तापवून झटकन थंड करून कडक केल्यावर) ते साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून स्थिर केलेले असते. त्याच्या वर गेले की ते मऊ पडू लागते. धारेकडची पातळ पट्टी बफखाली काही क्षणांत एवढी तापते, आणि हाताला कळते ते उशिरा. पिवळसर छटा आली म्हणजे इशारा, निळी आली म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास जाऊन आले. निळा रंग पॉलिशने जातो, कडकपणा परत येत नाही. असे पाते धार घेते पण धरत नाही.

दुसरा धोका तुमच्या हाताला आहे. बफ पात्याची धार पकडतो आणि वस्तरा भिरकावतो. बफ वापरायचाच तर हातमोजे न घालता (बोटांना उष्णता कळली पाहिजे, आणि मोजे चाकात ओढले जातात), चाक पाठीकडून धारेकडे फिरत बाहेर जाईल असे पाते धरून, आणि दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवून. नवख्याने यात पडू नये.

प्रश्न : मूठ कासवाच्या पाठीसारखी, पारदर्शक तपकिरी आहे. वस्तरा बंद करून ठेवला की पात्यावर बरोबर मुठीखालच्या भागात गंजाचे ठिपके येतात. दोनदा साफ केले, पुन्हा आले.

उत्तर : दोष पात्याचा नाही, मुठीचा आहे. ती बहुधा सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. वर्षानुवर्षांनी ते विघटित होऊ लागते आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते. बंद वस्तऱ्यात पाते त्याच्याच पोटात पडून असते, म्हणून ठिपके नेमके तिथे येतात. पारदर्शक आणि अर्धपारदर्शक मुठींत हे जास्त दिसते.

खात्री करायला मूठ अंगठ्याने जोरात चोळून गरम करा आणि वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. आतून ढगाळलेली, जाळीसारख्या बारीक तडा गेलेली, चिकट किंवा रिबिटाभोवती हिरवट झालेली मूठ म्हणजे विघटन सुरू झाले आहे. तापलेली सुई टोचून बघण्याचा जुना सल्ला शिंगासाठी ठीक आहे, जळक्या केसांचा वास येतो. सेल्युलॉइडला मात्र सुई लावू नका. ते भडकन पेटते.

सुरू झालेले विघटन थांबवायचा उपाय नाही. तेल लावून, पॉलिश करून काही होत नाही. म्हणून इथे दुरुस्ती टाळण्यात अर्थ नाही: मूठ काढा आणि पाते वाचवा. काढलेली मूठ इतर वस्तऱ्यांच्या पेटीत ठेवू नका, वायू शेजारच्या पात्यांनाही खातो. बंद डब्यात तर मुळीच नको. मूठ अजून स्वच्छ, कडक असेल तर घाई करू नका. वस्तरा किंचित उघडा, हवेशीर ठेवा आणि महिन्यातून एकदा बघा.

काढण्याची रीत: रिबिटाचे ठोकून फुलवलेले डोके बारीक कानशीने घासून सपाट करा. खालच्या मुठीला ओरखडे नकोत म्हणून भोक पाडलेला पातळ पत्रा रिबिटावर बसवून मग घासा. डोके गेले की खिळा बारीक पंचने मागे ढकला. हातोडीने बेतात ठोका. न निघाल्यास आणखी घासा, जोर वाढवू नका. नवी मूठ बसवायला १.६ मिमी जाडीची पितळी तार चालते. पात्याच्या रिबिटापासून लांबच्या टोकाला, मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये जी छोटी पाचर असते ती जुन्या वस्तऱ्यांत शिशाची असू शकते. मऊ, जड, करडी आणि कागदावर रेघ उमटवणारी असेल तर शिसे समजा, कोरडी घासून धूळ उडवू नका आणि हात धुवा.

प्रश्न : शिंगाच्या आणि हस्तिदंताच्या मुठींचे काय करावे?

उत्तर : शिंग वाळून पापुद्रे सुटते. नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांपासून काढतात त्या) हात देऊन दोन-तीन दिवस ठेवा, जादाचे पुसा. गरम पाण्यात बुडवू नका, शिंग मऊ होऊन वाकडे होते (वाकडी मूठ सरळ करायला हाच गुण मुद्दाम वापरतात, पण तो वेगळा उद्योग). किड्यांनी कुरतडलेले खळगे खोल नसतील तर तसेच ठेवा.

हस्तिदंताला पाणी आणि स्पिरिट दोन्ही वर्ज्य. त्याला तडा जातो. कोरड्या मऊ कापडाने पुसा. पिवळसरपणा घालवू नका. आणि एक कायद्याचे: हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या कराराने १९९० पासून बंद आहे. अशी मूठ बदलून तो तुकडा विकण्याच्या विचारात असाल तर आधी आपल्या देशातला नियम पाहा.

प्रश्न : पाते रिबिटावर ढिले आहे, बंद करताना धार मुठीला घासते. मूठ बदलावी लागेल?

उत्तर : आधी ठोकून बघा. खालचे डोके गुळगुळीत लोखंडी ठोकळ्यावर टेकवा, ऐरणीसारखे. गोल तोंडाची, ५० ते १०० ग्रॅमची हातोडी घ्या. वरच्या डोक्याच्या मध्यावर नको, कडेकडेने गोल फिरत पाच-सहा हलके टोले द्या, उलटे करून तेवढेच, मग तपासा. पाते स्वतःच्या वजनाने लोंबू नये पण एका बोटाने सहज उघडावे. एकदम कसायला गेलात तर सेल्युलॉइड आणि शिंग वॉशरखालून तडकतात. टोला चुकला तर खूण मुठीवर कायमची राहते, म्हणून भोवती चिकटपट्टीचे दोन थर लावा.

पक्के झाल्यावरही धार एकाच बाजूला घासत असेल तर मूठ पिळवटलेली आहे किंवा पाचर एका बाजूने झिजली आहे. तसाही वस्तरा वापरता येतो, बंद करताना पाते बोटाने मध्यावर धरून आत न्यावे लागते इतकेच.

प्रश्न : ८००० चा दगड घेतला, तासभर घासले, तरी वस्तरा केस ओढतो. पोलादच खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. धारेचे दोन उतार अजून एका रेषेत मिळालेले नाहीत, आणि ८००० चा दगड ते काम दिवसभरातही करणार नाही. तो फक्त चकाकी देतो.

काळ्या मार्करने धारेचे दोन्ही उतार रंगवा. दगडावर दोन हात द्या आणि भिंगातून बघा. शाई अगदी कडेवर शिल्लक राहिली असेल तर दगड कडेला पोहोचतच नाही. टोकाशीच शिल्लक असेल तर पाते पिळलेले आहे. फक्त मध्येच शिल्लक असेल तर धार आत वळलेली आहे, कुणीतरी मधल्या भागावरच दाबून लावलेली. अर्धा मिमी खोल असेल तर १००० च्या दगडावर सरळ होते. बाहेर वळलेली, हसऱ्या ओठासारखी धार मात्र दोष नाही. ती सरळ करू नका, हात फिरवताना टाचेकडून टोकाकडे वजन किंचित सरकवत न्या.

आता क्रम. दगड आधी सपाट करून घ्या: पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर ठेवलेल्या ओल्या वॉटर पेपरवर, सगळ्या रेघा एकदमच पुसल्या जाईपर्यंत घासा. मग १००० च्या दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे करून, टाचेकडून टोकाकडे तिरपे सरकत जा. वळताना पाठीवर फिरवा, धारेवर कधीही नाही. दाब फक्त वस्तऱ्याच्या वजनाचा. जाणे-येणे मिळून एक फेरा धरला तर चाळीस फेऱ्यांनंतर तपासा. हाताचे केस कातडीलगत, टाच-मध्य-टोक तिन्ही ठिकाणी सारखे उडाले पाहिजेत. एकाही ठिकाणी अडले तर पुढे जाऊ नका. त्यानंतर ५००० वर ३० ते ५०, ८००० वर ५० आणि १२००० वर ३० ते ५० फेरे. शेवटी पट्टा: कापडावर ३०, चामड्यावर ६०, आता पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणलेला ठेवा. सैल पट्टा धारेभोवती वळतो आणि ती गोलावतो.

पण हा सगळा उपद्व्याप तुमच्या वस्तऱ्याला लागेलच असे नाही. जुना वस्तरा बऱ्याचदा नीट धार लावूनच ठेवलेला असतो. म्हणून गंज काढताना धार मुद्दाम मारलेली नसेल तर उलटीकडून सुरुवात करा: आधी नुसता पट्टा, मग गालावर तीन हात. ओढला तर १२००० वर ४० फेरे. तरी ओढला तर ८०००. १००० चा दगड सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो आयुष्यात एकदाच. प्रत्येक वेळी तिथूनच सुरुवात करणाऱ्यांचे वस्तरे अरुंद होत जातात.

पाठीला चिकटपट्टी लावावी का, हेही याच पत्रात विचारले आहे. सोनेरी किंवा नक्षीची पाठ असेल तर लावा. एका थराने १६ मिमीच्या पात्याचा कोन सुमारे १ अंशाने वाढतो. मात्र एकदा लावून धार केली की पुढेही दर वेळी लावावी लागते. नाहीतर दगड उताराच्या मागच्या कडेलाच घासत राहतो आणि मार्करची शाई कडेवर तशीच.

प्रश्न : धारेला १ मिमीचा खोंक पडला आहे. जाईल का?

उत्तर : जाईल. मोल एवढे: सगळी धार १ मिमी मागे न्यावी लागेल. १६ मिमीचे पाते १५ मिमी होईल आणि ४.५ मिमी पाठीवर कोन १६ वरून १७ अंशांवर जाईल, चालण्यासारखा. २ मिमीचा खोंक असेल तर साडेअठरा अंश, तिथे आम्ही थांबू. खोंक टोकाला असेल तर आधी टोकच गोलावून बघा. नवख्याला टोकदारपेक्षा गोल टोक तसेही बरे, कान वाचतो.

प्रश्न : दुसऱ्या कुणीतरी वापरलेला जुना वस्तरा लावणे सुरक्षित आहे का? उकळून घ्यावा का?

उत्तर : हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो, दशके नाही. तरी रिबिटात साचलेला साबण आणि मळ काढलाच पाहिजे, कारण मळाखाली औषध पोहोचत नाही. साबण आणि मऊ ब्रशने धुवा, मग फक्त पाते ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटे. मूठ बाहेर. अल्कोहोल सेल्युलॉइड विरघळवते. लगेच पुसून तेल लावा. उकळल्याने पात्याचे पाणी उतरणार नाही, १०० अंश त्याला पुरेसे नाहीत, पण मूठ वाकते आणि फटीत पाणी राहते. धनुर्वाताची लस वेळेवर असावी, गंज असो वा नसो. आणि एक वस्तरा एकाच माणसाचा.

प्रश्न : कोणते वस्तरे मुळीच हात न लावता ठेवावेत?

उत्तर : शेपटी (पात्याचा रिबिटामागे बाहेर निघणारा भाग) नसलेले किंवा अगदी बुटकी शेपटी असलेले पाचरीसारखे जाड वस्तरे बरेच जुने असतात. मुकुटाभोवती व्हीआर ही अक्षरे असतील तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. डब्ल्यूआर म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. पात्यावर इंग्लंड किंवा जर्मनी असे देशाचे नाव असेल तर तो बहुधा १८९१ किंवा नंतरचा, कारण १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक केले. जर्मनीतल्या झोलिंगेनचे नाव फक्त तिथल्या मालालाच लावायचा कायदा १९३८ चा, पण नाव त्याआधीही सर्रास होते, म्हणून त्यावरून वर्ष ठरवू नका.

शेफिल्ड (इंग्लंड), झोलिंगेन, एस्किल्स्टुना (स्वीडन) ही गावांची नावे चांगल्या पोलादाची खूण आहेत, दुर्मीळपणाची नाही. असे वस्तरे भरपूर बनले, ते बिनदिक्कत वापरा. मूळ पेटीतला आठवड्याच्या सात वारांसाठीचा सात वस्तऱ्यांचा संच, हाताने कोरलेली मूठ, किंवा ज्यावर दगड कधी फिरलाच नाही (पाठीवर सपाट पट्टे नाहीत) असा वस्तरा मात्र तेल लावून ठेवून द्या. संचातला एक वस्तरा चमकवला की उरलेले सहा जुने दिसतात.

प्रश्न : रोज वापरायला लागल्यावर गंज पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : न्हाणीघरात ठेवू नका. दाढीनंतर धुवा, पुसा, रिबिटाच्या फटीतून टिश्यूची घडी ओढून काढा आणि तासभर उघडा ठेवा. चामड्याची पिशवी ओल धरते, म्हणून ती प्रवासापुरतीच. आठवड्यापेक्षा जास्त बंद राहणार असेल तर खनिज तेलाचा पुसट हात द्या. खाद्यतेल नको, ते चिकट होते. पट्ट्यावर नेण्याआधी तेल पूर्ण पुसा, नाहीतर ते चामड्यात मुरते आणि पट्टा पात्याला धरत नाही.